मुळ्याचा मध आणि तुडतुड्यांचा मध

आमच्या बोळिंजच्या सोसायटीत मध गोठला आणि माझ्या मामाची अब्रू व्हॉट्सअ‍ॅपवर टांगली गेली.

मामाची जवळच्या गास गावात वाडी आहे, त्यात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या. यंदा त्याने मुळा बियाण्यासाठी सोडला होता. सगळी वाडी फुलली आणि माश्यांनी त्याचाच मध केला. मी मोठ्या तोंडाने तो इमारतीत खपवला. थंडी पडली आणि बरण्यांतला मध तुपासारखा रवाळ बसला. झालं! तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सोसायटीच्या सेक्रेटरी, आणि स्वतःला फौजदार समजतात. त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला: ‘साखरेचा पाक! सावध राहा.’

मी केमिस्ट्रीची पदवीधर. गप्प बसते होय? लिहिलं, मधात मुख्य साखरा दोन, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज जास्त असलं की मध गोठतो, फ्रुक्टोज जास्त असलं की वाहता राहतो. मुळा-मोहरीच्या मधात ग्लुकोज भरपूर. यावर एकाने अंगठ्याची खूण टाकली आणि दुसऱ्याने पाण्याचा टँकर कधी येतोय ते विचारलं.

मामाला हे मीच सांगितलं, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. तो फोनवर म्हणाला, “बाय, आजपर्यंत मला कोनी खोटारडा नाय बोलला. पेट्या देऊन टाकतो.” मला रडूच आलं. माश्या म्हणजे त्याचा जीव. मामीशी बोलत नाही एवढा तो त्यांच्याशी बोलतो.

रविवारी तो बरण्या परत न्यायला आला. काकूंच्या हॉलमध्ये सगळी गिऱ्हाइकं बरण्या घेऊन बसलेली, लग्नाच्या बैठकीसारखी. मामाच्या पिशवीत मला खोकल्यासाठी आणलेली काळपट मधाची बाटली होती, मागच्या मोहराच्या वेळची. काकूंनी ती उचलून तिरकी केली. मध सुळकन वाहिला.

“हा बघा, याला म्हणतात अस्सल!” म्हणत त्यांनी चमचाभर तोंडात घातला आणि डोळे मिटले. “हाच द्या आम्हाला. असेल तेवढा द्या.”

मी मामाला कोपर मारलं. हो म्हण बाबा, सुटलास! पण तो कसला ऐकतोय.

“ताई, ह्यो फुलांचा नाय,” तो म्हणाला. “आंब्याच्या मोहरावर तुडतुडे पडतात ना, बारके किडे, त्यांच्या ढुंगनातून चिकटा गळतो. तो माश्यांनी चाटून आनलाय.”

सगळे काकूंकडे बघायला लागले. त्यांचा दुसरा चमचा तोंडातच. मी पडद्याकडे बघत शास्त्र पुरवलं, “त्यात ग्लुकोज कमी असतं, म्हणून तो बसत नाही.” काकू बेसिनकडे धावल्या.

मामाने सगळ्या बरण्या पिशवीत भरल्या. लिफ्टमध्ये मी उखडले. “कशाला तोंड उघडलंस? आता ना हा खपणार, ना तो!”

“नाय खपला तर नाय,” तो म्हणाला. “उद्या येतोय एक मानूस पेट्या बघायला.”

गेटपाशी पोचतोय तोच बाल्कनीतून काकू ओरडल्या, अख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशा.

“अहो, थांबा! माझी ती गोठलेली बरणी द्या परत! स्वतःच्या मधात किड्याचं ढुंगण आहे म्हणून सांगणारा माणूस साखर कशाला लपवेल!”

मामाने पिशवीतून त्यांची बरणी शोधून काढली, पिशवी माझ्या गळ्यात मारली आणि लिफ्टची वाट न बघता तो जिना चढायला लागला. मी जिन्याखाली पोचले, तर अर्ध्यावरून खाली वाकून म्हणाला, “त्या मानसाला फोन कर, बाय. नको येऊ म्हनावं.”