मेंढीच्या कपाळावरचं कुंकू

करोनाच्या वेळी तुम्ही दोघं पुण्यात घरात कोंडलेले होतात आणि मी नि आजोबा ऑस्ट्रेलियात. तुमच्या आत्याकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आलो होतो. विमानं बंद झाली आणि त्या तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं. आत्या आधी सिडनीच्या गिरावीन उपनगरात राहायची. तिथे जिना उतरला की मराठी कानावर पडायचं. पण आम्ही यायच्या थोडं आधी तिने एका लहानशा गावच्या हॉस्पिटलात, औषधांच्या विभागात नोकरी धरली होती. घर अगदी गावाच्या टोकाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुंपण दिसायचं, कुंपणापलीकडे गवत आणि गवतात मेंढ्या. एखादा माणूस दिसला, तर मी त्याची वेळ वहीत लिहून ठेवायचे.

मला रिकामं बसवत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. मी वेळापत्रक केलं. साडेनऊ ते साडेदहा चित्र. सीरियलच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे पोस्टकार्डाएवढे कापले, बारा रंगांची पेटी आत्याने आणून दिली. रोज एक चित्र. मागे क्रमांक, तारीख, वार आणि हवामान. मग त्याचा फोटो तुम्हांला. कुकाबुरा नावाचा पक्षी पाठवला तेव्हा थोरल्याने कळवलं, 'किटली छान आलीय.' शेजाऱ्याच्या कुत्र्याला धाकटीने सोफा म्हटलं. तरी मी पाठवत राहिले, कारण तुम्ही रोज काहीतरी उत्तर देत होतात.

माझ्या चित्रांना एकच नियम होता. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मिस सांगायच्या, जे समोर दिसतंय तेच काढायचं, मनातलं घुसडायचं नाही. एकदा मी ढगाळ दिवसाच्या चित्रात सूर्य काढला, तर पूर्ण तास वर्गाबाहेर उभी होते. तेव्हापासून मी मनाचं काही काढत नाही.

समोर सगळ्यांत जास्त वेळ स्थिर उभी राहायची ती एक म्हातारी मेंढी. कुंपणाशी यायची, जाळीला गाल टेकवायची आणि माझ्याकडे बघत रवंथ करायची. तिचं एक उशिरा झालेलं कोकरू होतं, ते मात्र सतत उड्या मारायचं, म्हणून माझ्या चित्रांत त्याला कधी तीन पाय आहेत, कधी पाच. मेंढीची मी एकोणीस चित्रं काढली. आजोबा म्हणायचे, "एकोणीस वेगवेगळे प्राणी आहेत. एकही मेंढी नाही."

मेंढ्या पलीकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या. त्याची छाती नाजूक होती, म्हणून त्याच्या मुलीने त्याला कोणाच्याही जवळ जायची बंदी केली होती. तो व्हरांड्यातून हात करायचा, मी कुंपणापाशी उभी राहून शुद्ध इंग्रजीत त्याच्या प्रकृतीची चौकशी करायचे. तो ओरडायचा, "नॉट बॅड, मेट!" आमची ओळख एवढीच.

वसुबारसेच्या दोन दिवस आधी धाकटीचा फोन आला. "आजी, यंदा गल्लीत गाय घेऊन येणारे काका येणार नाहीत. तू गाय काढून पाठव ना. वासरू पण. कुंकू लावलेली पाहिजे हं, नाहीतर आई पूजा करणार नाही."

आता आली पंचाईत. गायी गावाच्या दुसऱ्या बाजूला. आत्या हॉस्पिटलात काम करायची, म्हणून आम्हांला कुठेही नेत नव्हती. मी ठरवलं, मेंढी आणि कोकरू. चार पाय आहेत, पिल्लू सोबत आहे, दूध देते. देव एवढा काटेकोर नसतो.

"पण कुंकू?" मी आजोबांना म्हटलं. "तिच्या कपाळावर कुंकू नाहीये."

"अगं, मग ब्रशने लाव ना चित्रात! एक ठिपका. कोण तपासायला येणार आहे?"

"जे समोर नाही ते मी काढत नाही."

"तुझ्या त्या मिसना जाऊन किती वर्षं झाली?"

त्याचा इथे संबंध नव्हता. वसुबारसेला दुपारी मी हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन कुंपणापाशी गेले. आजोबा भाकरीचा तुकडा घेऊन मेंढीला बोलवायला. ती आली, जाळीतून तोंड घातलं, भाकरी खाल्ली. मी हात घालून कुंकू लावलं. लोकरीवर कुंकू ठरेना, भुरभुर खाली पडलं. हळद तर वाऱ्याने आजोबांच्या सदऱ्यावर गेली. म्हणून मी आत जाऊन लाल रंगाची ट्यूब आणली आणि बोटाने ठिपका टेकवला. नेमकी तेव्हाच तिने मान हलवली आणि ठिपक्याचा हातभर नाही, पण बोटभर पट्टा झाला. कोकरालाही लावला, तो त्याच्या डोक्यावर, कानावर आणि माझ्या कोपरावर आला. मग मी समाधानाने बसून चित्र काढलं. तुमच्याकडे पूजा झाली. थोरल्याने लिहिलं, 'ससे छान आलेत.'

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना मी खिडकीतून पाहिलं आणि गाळणं हातातच राहिलं. शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारच्या आवारात मेंढ्या गोळा केल्या होत्या आणि कितीतरी मेंढ्यांच्या डोक्यावर लाल रंग!

"अहो, बघा तरी!" मी आजोबांना हाक मारली. "त्याला आवडलं! त्याने सगळ्यांना लावलं!"

आजोबा चष्मा पुसून आले. "खरंच की. माणूस भला आहे."

माझे डोळे भरून आले, हे कबूल करते. परक्या देशात, कोणी विचारत नाही, सांगत नाही, आणि एक म्हातारा आपली वसुबारस मेंढ्यांसकट पाळतो. मी ताटलीत सहा करंज्या ठेवल्या, वर रुमाल घातला, चांगली साडी नेसले आणि मास्क लावून त्याच्या फाटकाकडे निघाले. आजोबा मागोमाग.

फाटकासमोर एक मोठा ट्रक उभा होता. भरपूर पोट असलेला ड्रायव्हर शेवटच्या मेंढ्या फळीवरून वर चढवत होता. फाटकाला कागद अडकवलेला होता, कारण शेतकरी कोणाला भेटत नव्हता. मी करंज्या खांबावर ठेवायला गेले आणि कागद वाचला. 'डोक्यावर लाल असलेल्या सगळ्या ने. बाकीच्या ठेव.'

कुठे ने, हे मी तेव्हा तुम्हांला सांगितलं नाही. आता तुम्ही मोठे झालात. म्हाताऱ्या मेंढ्यांना जिथे नेतात तिथे.

"थांबा!" मी मराठीत ओरडले. मग इंग्रजीत, "एक्सक्यूज मी, तुमच्या ट्रकमध्ये एक मेंढी चुकून चढली आहे. आणि तिचं कोकरू."

"लाल आहे का डोक्यावर?"

"आहे. पण ते तसलं लाल नाही. धार्मिक लाल आहे."

ड्रायव्हरने कागदाकडे पाहिलं, माझ्या साडीकडे पाहिलं. "लाल ते लाल, लव्ह."

आजोबा कानात पुटपुटले, "हा तुला लव्ह म्हणाला?"

"ते नंतर. आधी घरी पळा आणि मेंढीचं चित्र आणा! याला पटवते."

आजोबा खरोखर पळाले, आणि धापा टाकत कुकाबुरा घेऊन आले. ड्रायव्हरने तो हातभर लांब धरून पाहिला आणि विचारलं, "हरवलेली मेंढी ही?"

तेवढ्यात गलका ऐकून शेतकरी ड्रेसिंग गाऊनमध्येच व्हरांड्यात आला. मी तिथूनच ओरडून सगळं सांगितलं. वसुबारस समजावण्याएवढा आवाज नव्हता, म्हणून फक्त म्हटलं, "मी तुमच्या मेंढीला रंगवलं! सॉरी! व्हेरी सॉरी!"

"मी चोवीस रंगवल्या!" तो ओरडला.

ड्रायव्हरने मोजून ठेवलं होतं. "इथे सव्वीस आहेत."

"मग दोन काढ!" शेतकरी ओरडला. "कुठल्या?" ड्रायव्हरने विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. कोकरू सापडायला वेळ लागला नाही, ते एकटंच उड्या मारत होतं. पण त्याची आई? शेतकऱ्याला लांबून दिसेना. ड्रायव्हर म्हणाला, त्याला सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसतात. ट्रकच्या फळ्यांतून पंचवीस थोबाडं बाहेर आली होती, सगळी लाल, सगळी रवंथ करणारी. चुकीची काढली तर माझ्या हाताने कुंकू लावलेली जाणार.

मी साडी खोचली आणि ट्रकभोवती फिरले. एकेका तोंडासमोर उभी राहून नीट पाहिलं, जसं रोज साडेनऊला पाहायचे. हिचं नाक सरळ. हिच्या पापण्या काळ्या. ही फारच तरतरीत. मागच्या कोपऱ्यात एक तोंड दिसलं. डावा कान उजव्यापेक्षा बोटभर खाली, खालचा ओठ पुढे काढलेला, वीज गेल्यावर आजोबांचा असतो तसा.

"ही!"

"नक्की?" ड्रायव्हर म्हणाला.

"कालचं धरून वीस वेळा काढलंय मी हिला. एकदाही जमली नाही, पण ही तीच."

ड्रायव्हरने तिला खाली उतरवलं. ती आली, तिने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खांबावरच्या ताटलीतली एक करंजी उचलली आणि रुमालासकट चावायला लागली. कोकरू धावत जाऊन तिच्या पोटाखाली शिरलं. उरलेल्या पाच करंज्यांतल्या दोन ड्रायव्हरने नेल्या.

ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, धुतल्याने जात नाही. म्हणजे लोकर कापेपर्यंत मेंढी तशीच राहणार आणि पुढच्या वेळी ट्रक आला की पुन्हा तोच घोळ. शेतकऱ्याने त्यावर उपाय काढला. संध्याकाळी पाहिलं, तर दोघांच्या लाल पट्ट्यावर त्याने निळ्या खडूने मोठी फुली मारली होती. फाटकावर नवा कागद होता, 'निळी फुली असलेल्यांना हात लावू नये. शेजारणीला विचारा.'

मी समोर जे दिसलं ते काढलं. लाल पट्टा, त्यावर निळी फुली. चित्र पाठवल्यावर धाकटीचा लगेच फोन आला.

"आजी, मेंढीला फुली का दिलीस? तिचं काय चुकलं?"

मी म्हटलं, "तिचं नाही गं, माझं चुकलं. तिला राहू दिलंय."

"मग फुली तुला पाहिजे."

आजोबा म्हणाले की निळा खडू ते शेतकऱ्याकडून मागून आणू शकतात.