सिएन्तेसे म्हणजे बसा

“‘बसा’ नाही, ‘बस’ म्हण. वॉचमन आहे तो.”

साइटचे साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले.

आमच्या ईट गावच्या माळावर पवनचक्क्यांचं काम चाललेलं. स्पेनहून एक म्हातारा इंजिनिअर आलेला. मी दुभाषी. पुण्यात दुकानात काम करत स्पॅनिश शिकले, म्हणून बोलावलं. इंजिनिअरनं उन्हात उभ्या वॉचमनला खुर्ची दाखवली. म्हणाला, “सिएन्तेसे.” मी सांगितलं, “बसा.” तेवढ्यावरून साहेबांनी हटकलं.

तो वॉचमन माझा बाप होता; आधी मेंढरं राखायचा, आता गेटवर. साहेबांना ठाऊक नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं. मेंढरं राखणाऱ्याची पोरगी म्हणून कळलं तर माझ्या स्पॅनिशला कोण विचारील, असं वाटायचं.

मी म्हणाले, “बस.”

जन्मात आबांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आबा बसले नाहीत. माझ्याकडं बघितलं आणि गेटकडं निघून गेले. ते फार लागलं.

रात्री घरी स्पॅनिशची वही काढली. आज्ञेची रूपं. बरोबरीच्याला सिएन्ताते, बस. मोठ्याला सिएन्तेसे, बसा. हे दुसरं रूप इच्छेच्या रूपातून घेतलेलं. बाई शिकवायच्या, मानाच्या माणसाला हुकूम सोडायचा नसतो, इच्छा सांगायची असती. आपलं ‘आपण बसावं’ तसंच. मला सगळं पाठ होतं. साहेबांनी डोळे वटारले आणि मी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी झाडणारी एक म्हातारी लोखंडाची पेटी उचलायला गेली. इंजिनिअर ओरडला, “नो लेवान्ते!” मी म्हणाले, “मावशी, उचलू नका.”

“परत तेच? ‘उचलू नको’ म्हण. यांना तुम्ही-बिम्ही कळत नाही.”

“साहेब, ते ‘नका’ म्हणाले. मी ‘नका’च सांगणार. आन् काल तुम्ही ज्यांना ‘बस’ म्हणायला लावलं, ते माझे वडील हायेत.”

साहेब शांतपणे म्हणाले, “उद्यापासून येऊ नको.”

काय झालं, इंजिनिअरनं विचारलं. मी शब्दन्‌शब्द स्पॅनिशमध्ये सांगितला. त्यानं मान खाली घातली.

घरी आबांना म्हणाले, काल माझं चुकलं.

“व्हय, चुकलं,” आबा म्हणाले. एवढंच.

आता कुठूनबी कामाचा फोन आला की आधी सांगते, मी मेंढपाळाची पोरगी. बोलणारा समोरच्याला जेवढा मान देईल, तेवढा मी पोचवीन. तुम्ही सांगितलं म्हणून त्यातला एक काना कमी करणार नाही. चालत नसेल तर दुसरी बघा.