जिन्याखालचा कागद

मुंबईच्या मुख्य कार्यालयातून आलेल्या मॅनेजरसाहेबांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘दोष कोणाचाही नाही.’ मग दार लावून घ्यायला सांगितलं. रत्नागिरीतल्या आमच्या खासगी इस्पितळाची सगळी संगणक यंत्रणा आदल्या आठवड्यात दोन दिवस बंद पडली होती. केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, सगळंच. नर्सनी वह्या काढल्या आणि खरं सांगायचं तर रांगा जरा लवकर हलल्या; पण ते काही कुणी फळ्यावर लिहिलं नाही.

संगणक विभाग म्हणजे मी एकटा. विभागाचं दालन म्हणजे जिन्याखालची जागा. तिथे सर्व्हर, एक टेबलफॅन आणि फरशी पुसायची बादली गुण्यागोविंदाने राहायचे.

साहेबांनी पद्धत समजावली. पाच वेळा ‘का’ विचारायचं, की मूळ कारण सापडतं. माणसाला बोल लावायचा नाही. माझ्या आईची पद्धतही हीच होती, फक्त तिसऱ्या ‘का’ला पाठीत धपाटा बसायचा.

सर्व्हर का बिघडला? चालू असताना प्लग निघाला. का निघाला? शिपाईकाकांनी काढला. का काढला? ढग गडगडत होते. इथे साहेब अडकले. ऑक्टोबरात, भातकापणीच्या दिवसांत संध्याकाळी आभाळ गडगडू लागलं, की आमच्याकडचा माणूस आधी टीव्हीचा प्लग काढतो आणि मग अंगणातलं भात झाकायला धावतो. हे मुंबईला कसं कळावं?

काका साठीला टेकलेले, कंत्राटावरचे. दर मार्चला त्यांचं पुढच्या वर्षाचं ठरायचं. त्यांची नोकरी टांगणीला लागली आहे, हे त्या खोलीतल्या आम्हा सगळ्या निर्दोष मंडळींना ठाऊक होतं.

“असं करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?” साहेबांनी समोर बसलेल्या काकांना अगदी साखर घोळून विचारलं.

माझा हात खिशाकडे गेला. कारण सांगितलं होतं मीच. दोन वर्षांपूर्वी विजेने मोडेम जळाला, तेव्हा मीच कागदावर लिहून सर्व्हरच्या वर चिकटवलं होतं : ‘गडगडल्यास सर्व प्लग त्वरित काढणे. आदेशावरून.’ सर्व्हर आधी रीतसर बंद करावा लागतो, हे लिहायचं मी विसरलो होतो. आणि मीटिंगच्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो कागद काढून खिशात घातला होता. चोराच्या मनात चांदणं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते रोज तिथली फरशी पुसायचे. भिंतीवरची रिकामी जागा त्यांना दिसली नसेल, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

“सांगाया कोन कशाला होवा?” ते म्हणाले. “आमच्यात गडगडला की काढतातच.”

चौथ्या ‘का’ची गरजच उरली नाही. अहवाल मी लिहिला. मूळ कारण : स्थानिक सवय. नाव कोणाचंही नाही. साहेब इतके खूश झाले, की तो इतर शाखांना नमुना म्हणून धाडला आणि मला प्रशस्तिपत्र दिलं. मला लाज वाटली. तरी मी ते फ्रेम करून घेतलं.

मार्चमध्ये काकांचं कंत्राट वाढलं नाही. दोष कोणाचाच नव्हता, फक्त त्या पदाची आवश्यकता राहिली नव्हती. जाताना त्यांनी बादली घासून पालथी घातली आणि जिन्याखालच्या दिव्याचं बटण बंद केलं.

मे महिन्यात एका दुपारी आभाळ भरून आलं आणि माझा फोन वाजला. काका बोलत होते, पूर्णगडच्या घरून.

“दादा, इकडे गडगडाया लागलाय. तुमच्याकडे पण येईल आता. आधी मिशिन बंद करा, मग प्लग काढा.” मग ते म्हणाले, “तेवढाच कागदावर लिवायचा ऱ्हायला होता.”