पहिल्या नवऱ्याचा दिवस

मुंबईहून कॅनडात आलेला ज्यू सॅमसन तिथल्या वॉन शहरातल्या एका वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. साठीला टेकला होता, आणि जळायचा तो एका मेलेल्या माणसावर. हसू नका! जिवंत माणसाशी भांडता तरी येतं. भिंतीवरच्या फोटोचं काय वाकडं करणार?

फोटो डेझीच्या पहिल्या नवऱ्याचा, एलिशाचा. पट्ट्यापट्ट्यांची जर्सी, पायाशी फुटबॉल. मुंबईत गिरणीच्या टीमकडून पगार घेऊन खेळणारे तेव्हा बोटांवर मोजण्याइतके, त्यातला हा एक. महायुद्धात भरती झाला आणि चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये ब्रह्मदेशात मारला गेला. वय सव्वीस, मूलबाळ नाही. चार वर्षांनी सॅमसननं डेझीशी लग्न केलं. सगळ्यात झोंबायचं ते हे, की एके काळी मैदानाच्या कडेला उभं राहून त्यानंही एलिशासाठी घसा फोडला होता. आता सॅमसनला टक्कल पडलं, गुडघे गेले, आणि तो लेकाचा अजून सव्वीसचाच!

दरवर्षी त्याच्या मृत्यूच्या दिवशी डेझी दिवा लावायची, पोहे भिजवून मलिदा करायची. मृतासाठीची प्रार्थना, कद्दिश, मुलानं म्हणायची असते आणि तिला दहा पुरुष लागतात; ते जमले की ती म्हणायचा मात्र सॅमसन. एलिशाचं दुसरं होतं कोण? तारीखही सॅमसनच काढून द्यायचा, कारण डेझीला हिब्रू कॅलेंडर वाचता येत नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साली त्या कॅलेंडरात अदार महिना दोनदा आला, हिंदूंचा अधिक मास येतो तसा. फेब्रुवारीत सॅमसन ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आत आला, तेव्हा डेझीनं विचारलं, "अहो, दिवस कधी येतोय?"

"यंदा दुसऱ्या अदारमध्ये," तो म्हणाला. तेव्हा तो खरंच बोलला होता.

पण नंतर डोक्यात किडा वळवळला. मार्चअखेर तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा यानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, चुकलंच माझं! पहिल्याच अदारमध्ये धरायचा होता. गेला की तो. आता पुढच्या वर्षी बघू." एक वर्ष तरी घर आपलं एकट्याचं, असं मनाशी म्हणत तो खुशीत चहा प्यायला.

दोन दिवसांनी कामावरून आला, तर टेबलावर दिवा, आणि ताटात पोहे, खोबरं, फळं.

"सिनेगॉगमध्ये फोन करून विचारलं मी," डेझी म्हणाली. "दिवस आज संध्याकाळपासून आहे. तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"हो, केलं!" सॅमसन उसळला. "तीस वर्षं त्याचं नाव माझ्या तोंडून वदवून घेतेस. माझी कधी काळजी केलीस? जळतो मी त्याच्यावर. झालं समाधान?"

डेझी खुर्ची ओढून समोर बसली.

"त्याची काळजी कधीच मिटली. त्याच्यासाठी कद्दिश म्हणायला तुम्ही आहात," ती म्हणाली. "आपल्यालाही मूल नाही. तुमच्यासाठी कोण म्हणणार? मला झोप लागत नाही ती त्या विचारानं."

सॅमसननं फोटोकडे बघितलं. आता तर त्याला एलिशाचा आणखीच हेवा वाटला. मग टोपी डोक्यावर ठेवून तो फोनकडे गेला, उरलेली नऊ माणसं जमवायला.