बंद न केलेली कॅसेट

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सप्तापूरच्या घरी नुकता जेवायला बसलो होतो. ‘भावजी, हे गेले...’ एवढंच म्हणाल्या. पान तसंच सारून हुबळीची बस धरली. त्याला आता दीड महिना होईल. भेटायला येणारे थकले, तेच तेच सांगून मीही थकलो. सगळे म्हणतात, केवढा हुशार सर्जन. हुशार होताच. पण मला आठवतो तो त्याचा हट्ट, आणि त्या हट्टापायी आम्हा दोघांचा निघालेला घाम.

अण्णा माझा थोरला भाऊ. नव्वदीच्या दशकात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायला शिकून आला आणि हुबळीत केशवापुरात दवाखाना थाटला. पोट न फाडता, बारीक भोकांतून कॅमेरा आत घालून, टीव्हीवर बघत पित्ताशय काढायचा. लोकांना त्याचं एवढं अप्रूप, की नातेवाईक कॅसेट मागून न्यायचे आणि लग्नाची कॅसेट लावावी तशी गल्ली गोळा करून बघायचे. मी इंजिनिअरिंग कॉलेजात काँप्युटर शिकवत होतो. दोन हजार सालानंतर कधीतरी अण्णाच म्हणाला, ‘तुझ्या काँप्युटरला हे बघायला शिकव की. कुठलं अवजार कुठं आहे, हात चुकीकडं चाललाय का, सांगू दे त्याला.’ झालं. माझे रविवार गेले. एकेक चित्र थांबवायचं आणि हा चिमटा, ही कात्री, हे पित्ताशय, अशा खुणा करत बसायचं. डोळे फुटायची वेळ आली.

आणि एवढं करून ते निघालं ठोंब्या. जरा रक्त दिसलं की त्याला काही ओळखू येईना. शोधता शोधता कळलं, रक्त आलं की सिस्टर कुणी न सांगताच रेकॉर्डिंग बंद करायच्या. कॅसेट घरी जाणार, बायकामाणसं घाबरतील, म्हणून. म्हणजे आमच्या ढिगात सगळ्या गोडच शस्त्रक्रिया. अडचण कशी दिसते, ते बिचाऱ्या काँप्युटरनं कधी बघितलंच नव्हतं. मला हसू आलं, अण्णाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगून टाकलं, ‘बंद माडब्याड्री, सिस्टर. काहीही होवो, चालू राहू दे.’

आणि व्हायचं ते झालं. एका शिक्षिकेची शस्त्रक्रिया करताना त्यानं पित्ताशयाची नळी समजून पित्ताची मुख्य नळी कापली. पोट उघडावं लागलं, मोठ्या गावी हलवावं लागलं. बाई वाचल्या, पण फार हाल झाले त्यांचे. कॅसेटवर सगळं होतं. मी म्हटलं, ‘अण्णा, पुसून टाक. दवाखाना बसेल.’

‘त्यांच्या पोटातलं आहे, त्यांचं आहे,’ म्हणाला, आणि स्वतः जाऊन त्यांच्या यजमानांच्या हातात देऊन आला. एक प्रत मला दिली, काँप्युटरला दाखवायला. त्यानंतर दवाखान्यातली गर्दी ओसरली ती ओसरलीच. मला तेव्हा राग आला होता, अजूनही येतो. अण्णा मात्र दर रविवारी एकच विचारायचा, ‘कापायच्या आधी सांगतंय का रे?’

सांगत नव्हतं. मी प्रोग्राम बदलला, मशीन बदललं, पुन्हा खुणा केल्या. नळीसारखीच नळी, ते तरी काय ओळखणार? शेवटच्या भेटीतही त्यानं विचारलं. ‘नाही, अण्णा,’ म्हटलं. ‘इरली बिडू... राहू दे,’ म्हणाला आणि कुशीवर वळला.

परवा रविवारी करायला काही नव्हतं, म्हणून त्या बाईंची तीच कॅसेट काँप्युटरवर लावली. आजवर मी कापण्यापाशी थांबायचो, या वेळी बंद करायचंही त्राण नव्हतं. कात्री मिटली, बाहेर गेली. डाव्या हातातला चिमटा तिथंच राहिला. कितीतरी वेळ जराही हलला नाही. प्रोग्रामनं खाली ओळ टाकली : काही घडत नाही.

मी तेवढाच तुकडा पुनःपुन्हा बघतोय. चिमटा पडत नाही. दुसऱ्या टोकाला, चित्राबाहेर, अण्णानं तो धरून ठेवलाय.