शैलाचं पूर्ण भाषण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या शैलाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

शैला आमच्या गावची अंगणवाडी सेविका. रेवसच्या अलीकडे, खाडीला लागून आमचं गाव. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन इथे आलो, शेजारी राहिलो, एकमेकींची बाळंतपणं पाहिली. खाडीलगतची शेतं आणि मिठागरं सरकारने एका प्रकल्पासाठी घ्यायचं ठरवलं तेव्हा गावाने समिती केली, तिच्यातही दोघी होतो. मी पदवीपर्यंत शिकलेली, पतपेढीत नोकरी करणारी. कागद वाचणं, अर्ज लिहिणं माझ्याकडे. बोलायची शैला.

पण ती जे बोलायची ना — ते माझं असायचं.

मला माईकपुढे उभं राहता येत नव्हतं. एकदा राहिले होते. दोन वाक्यं झाली, तिसरं आठवेना, खाली बसले. मग ठरूनच गेलं. सभेच्या आदल्या दिवशी मी तिच्या घराच्या ओटीवर बसून वाक्यं सांगायची, शैला ती आपल्या बोलीत घोळवून घ्यायची. आणि दुसऱ्या दिवशी तीच वाक्यं ऐकून म्हातारे उठून उभे राहायचे, बायका तिच्या गळ्यात पडायच्या. मी बाजूला मोबाईल धरून उभी. रेकॉर्डिंग करणं हेही माझंच काम.

राग आला असता तर भांडले असते. हे वेगळं होतं. पेपरात तिचा फोटो आला, त्यात कडेला माझ्या ब्लाऊजची एक बाही. जेवताना नवरा म्हणायचा, "काय बोलली शैला आज!" मी त्याला आमटी वाढायची. मुलीने शाळेत सांगितलं, मला शैलामावशीसारखं व्हायचंय. तेही ऐकून घेतलं.

शैलाने माझं नाव लपवलं असतं तर बरं झालं असतं. पण तिने एकदा भर सभेत सांगितलं, "ह्ये सगळं डोकं माझ्या मैत्रिणीचं हाय." लोक हसले. त्यांना वाटलं, किती मोठ्या मनाची बाई! — आणि आणखी जोरात टाळ्या तिलाच.

मग ती सभा. उन्हाळ्यातली, शाळेच्या मैदानावरची. शैला म्हणाली, "काही पोरं म्हणतात, हापिसाला आग लावा. न्हाय! आग आपल्याला लावायची न्हाय. आपण दारात बसायचं, आणि इचारायचं, आम्हाला न इचारता ठरवलंत कसं? ह्ये सरकार आमचं हाय, का आमच्यावरचं हाय?" शब्द न् शब्द माझा.

दोन दिवसांत सगळ्यांच्या मोबाईलवर एक तुकडा फिरायला लागला. त्यात एवढंच — "हापिसाला आग लावा." मागचं नाही, पुढचं नाही. तुकडा कुणी कापला ते अजून कळलेलं नाही. पोलीस आले तेव्हा शैला मुलांना खिचडी वाढत होती. सरकारविरुद्ध लोकांना चिथावल्याचा गुन्हा लावला आणि तिला घेऊन गेले.

पोलीस ठाण्याबाहेर अर्धं गाव तिच्या नावाने घोषणा देत होतं. मी त्यांच्यात उभी होते. आणि माझ्या मनात काय आलं, सांगू? — वाक्य माझं होतं. नाव तिचं घेताहेत. मैत्रिणीला तुरुंगात नेत होते, आणि मला तिचा हेवा वाटत होता. तुरुंगाचासुद्धा.

अलिबागच्या वकीलसाहेबांनी समितीला विचारलं, "पूर्ण भाषणाचं रेकॉर्डिंग आहे कुणाकडे?" बाकीच्यांनी थोडं थोडं टिपलं होतं, पण लांबून. वाऱ्यात आवाज नीट लागत नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, "मेमरी भरली होती. अर्ध्यातच बंद पडलं."

मोबाईल माझ्या पर्समध्ये होता. रेकॉर्डिंग त्यात होतं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, स्वच्छ.

का? तेव्हा स्वतःला सांगितलं — दोन दिवस जाऊ दे, मग सापडलं म्हणून देऊ. दोन दिवस काय होतं तिला? पण जामीन नाकारला गेला. आता दिलं तर विचारतील, आधी का नाही? अशात माझ्या मुलीने मोर्चासाठी शैलाचा मोठा चेहरा रंगवला. माझ्याच घरात, माझ्याच जमिनीवर कापड पसरून, जीभ बाहेर काढून रंगवत होती. मी आतल्या खोलीत गेले आणि ते रेकॉर्डिंग पुसलं. पुसलेलं जिथे साठतं, तिथूनही पुसलं. घाबरून नाही. तो चेहरा बघवत नव्हता म्हणून.

शैलाला जामीन मिळाला तेव्हा भातकापणी उरकली होती. अंगणवाडीची नोकरी सुटली होती. हात इतके बारीक झाले होते की बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. जामिनाची अट होती, सभेत बोलायचं नाही.

मग बोलणार कोण? मी उभी राहिले. एकही वाक्य विसरले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला त्या आवडल्या. तेही लपवत नाही. शैला बायकांत बसली होती. मी खाली उतरले तशी तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बघ, तुला येतंय गो. मीच उगाच मध्ये होते."

खाडीत भराव पडायला लागलाय. केस चालूच आहे. दर तारखेला मी तिच्याबरोबर अलिबागला जाते, एसटीत तिला खिडकीची जागा देते. मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात वकीलसाहेब पुन्हा हळहळले, ते रेकॉर्डिंग असतं तर हे प्रकरण कधीच संपलं असतं.

शैलाने त्यांना थांबवलं. "सायेब, तो विषय हिच्यासमोर काढू नका. हिला लय लागतं."

मी मान खाली घातली. मग आत जाऊन पुढची तारीख विचारून आले.