भुकूमच्या चार खोल्या वगळून

मी दुसऱ्यांदा घर सोडलं तेव्हा गाडी पौडच्या एसटी स्टँडसमोर उभी होती. अम्मी आत बसली होती. माझ्या तोंडावर मास्क आणि हातात कोविडच्या तपासणीचा कागद होता. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता. अब्बा मात्र आलेले नव्हते. शेवटी ते तहसील कचेरीच्या बाजूने जवळजवळ पळत आले आणि खिडकीतून एक पाकीट माझ्या मांडीवर टाकलं. आत उत्पन्नाचा दाखला होता. नेहमी माझ्या डोक्यावर हात ठेवून निरोप देणारे अब्बा त्या दिवशी एवढंच म्हणाले, "जा आता. उशीर होतोय."

तुमच्यापैकी पौडचे बरेच जण अब्बांना ओळखतात. कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान असलेले हमीदभाई. रेशनचं धान्य आलं नाही, तलाठी भेटत नाही, शाळेला शिक्षक नाही, असं काही झालं की ते रात्रीतून पत्रक लिहायचे आणि बाजारच्या दिवशी वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. घड्या घालायचं काम माझं असे. पत्रकाखाली त्यांचं नाव आणि दुकानाचा पत्ता असायचाच. ते म्हणायचे, "खाली नाव न्हाई ते पत्रक न्हाई, ती चहाडी."

त्यातलं एक पत्रक मला अजून पाठ आहे. जमिनी विकून बंगले बांधलेल्या लोकांनी कमी उत्पन्नाचे दाखले काढले होते आणि वसतिगृहाच्या जागा आपल्या मुलांना मिळवल्या होत्या. कातकरी वाडीवरची मुलं मात्र कागदच नाहीत म्हणून बाहेर राहिली. अब्बांनी मथळा दिला होता, 'खोट्या दाखल्यावर शिकलेलं पोर खरं काय शिकणार?' भुकूमच्या एका बागायतदाराचं, बाळूशेठचं, त्यात नाव होतं. मी तेव्हा नववीत होते. ते पत्रक मी स्वतः त्यांच्या सुनेच्या हातात दिलं होतं, आणि मला फार अभिमान वाटला होता.

मी न्यूझीलंडला शिकायला गेले आणि पहिल्याच सुट्टीत घरी आले. मग साथ आली, सीमा बंद झाल्या आणि मी पौडला अडकले. पुढे परत जायची परवानगी मिळाली, पण उतरल्यावर चौदा दिवस सरकारने ठरवलेल्या हॉटेलात राहायचं, आणि त्याचं शुल्क आपणच भरायचं. तिथल्या नागरिकांना कमी, माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना जास्त. खोली तीच, जेवण तेच, नाकात घालायची काडी तीच. हा अन्याय होता असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. त्या मतापासून मी एक इंचही मागे हटणार नाही.

पण माझं मत खरं होतं म्हणून माझा कागद खरा ठरत नाही.

शुल्क परवडत नसेल तर सूट मिळावी म्हणून अर्ज करता येत होता. घरची परिस्थिती दाखवणारा पुरावा लागायचा. आमची परिस्थिती वाईट नव्हती. भुकूमला अम्मीच्या वाट्याच्या जागेवर चार खोल्या आहेत. त्यात कंपनीत काम करणारी मुलं भाड्याने राहतात. लॉकडाऊनमध्ये त्या काही महिने रिकाम्या पडल्या होत्या. मी निघायच्या सुमारास चारही पुन्हा भरल्या होत्या.

जायच्या चार दिवस आधी, जेवताना, मी अब्बांना म्हणाले, "दाखल्यात फक्त दुकानच दाखवा. खोल्या काय, रिकाम्याच होत्या की."

अब्बा घास हातात धरून थांबले. "व्हत्या. आता हायेत का?"

"तुम्हीच म्हणता ना, शुल्क अन्यायाचं आहे?"

"शुल्क अन्यायाचंच हाय, पोरी. दाखल्याचा त्यात काय गुन्हा?"

मग मी रडले. पुन्हा वर्ष वाया जाईल म्हणाले, मग सरळ सांगितलं, "गावासाठी एवढं केलंत, माझ्यासाठी एक सही करा." हे वाक्य मी बोलले. कुणी मला बोलायला लावलं नव्हतं. अब्बा ताट तसंच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्याच दुकानासमोर, कचेरीच्या रांगेत उभे राहिले आणि खोल्या वगळून लिहिलेल्या घोषणापत्रावर सही केली.

ऑकलंडच्या हॉटेलात जेवण कागदी पिशवीतून दारात यायचं. दिवसातून एकदा कुंपण घातलेल्या पार्किंगमध्ये गोल गोल चालायला सोडायचे. त्या खोलीत बसून मी पत्रक लिहिलं, 'विषाणू व्हिसा बघत नाही, मग बिल का बघतं?' विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ते पुष्कळ फिरलं. खाली माझं पूर्ण नाव होतं. त्याच खोलीतून, त्याच लॅपटॉपवरून, मी तो दाखला जोडून अर्ज पाठवला. काही आठवड्यांनी मला सूट मिळाली.

माझ्याबरोबर पार्किंगमध्ये चालणारी ग्रेस फिलिपिन्सची होती. तिच्या वडिलांचं काम साथीत खरंच गेलं होतं. पण गावातली कचेरी बंद, म्हणून तिला पुरावाच मिळेना, आणि तिने अर्जच केला नाही. सबंध हंगाम फळांच्या पॅकहाउसमध्ये उभी राहून तिने शुल्क फेडलं. माझं पत्रक तिनेच सगळ्यांत जास्त लोकांना पाठवलं होतं. भेटली की म्हणायची, "यू आर सो ब्रेव्ह." मी थँक्यू म्हणायचे.

त्याच वर्षी पौडला काय झालं ते मला अम्मीने फोनवर सांगितलं, तेही फार उशिरा. आमच्या भुकूमच्या भरलेल्या खोल्या बाळूशेठ रोज बघत होते, आणि दाखल्याचं त्यांना कचेरीतून कळलं होतं. ते दुकानात आले, काउंटरवर कोपर टेकलं आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "काय हमीदभाय, पोरगी गेली न्हवं? आमच्या बी नातवाचा दाखला काढायचाय. कसा लिवायचा, तेवढं सांगा की. तुमाला आता ठावं हाय."

अब्बा म्हणे खाली मान घालून झेरॉक्स काढत राहिले. तेव्हापासून त्यांनी एकही पत्रक काढलेलं नाही.

हे मला कळलं तेव्हा वाडीचा रस्ता बंद झाला होता. भुकूमच्या नव्या बांधकाम प्रकल्पाने पत्र्याचं कुंपण घातलं आणि कातकरी वाडीवरची जुनी पायवाट अडवली. वाडीतली माणसं अब्बांकडे पत्रक मागायला आली. अब्बा त्यांना म्हणाले, "दुसऱ्या कुनाकडनं लिवून घ्या. माझ्या नावाला आता वजन न्हाई." मुलं अजून मोठा वळसा घालून शाळेत जातात. त्या वळशाला माझी सूट कारण आहे. हे मी कितीही फिरवून बघितलं तरी बदलत नाही.

गेल्या महिन्यात मी अब्बांना फोन केला. म्हटलं, मी सगळं लिहून काढते, चूक माझी होती असं जाहीर करते, तुमचं नाव येऊ देत नाही.

"का?" अब्बा म्हणाले. "सही कुनी केली, तू का मी?"

"पण मी मागितली म्हणून—"

"मागनाऱ्याचं मागनाऱ्यापाशी. इतकी वरसं लोकांला शानपन शिकवलं मी. माझ्या वाटचं तू कशापायी उचलतीस? लिवायचं तर समदं लिव. न्हाईतर गप ऱ्हा."

"आणि इथल्या ऑफिसला कळवलं तर तुमच्यावर येईल."

"येऊ दे. कचेरी समोरच हाय. लांब जावं लागनार न्हाई."

इतक्या वर्षांनी मी त्यांना हसताना ऐकलं.

म्हणून हे लिहिलं आहे. खोल्यांचं भाडं धरून खरं उत्पन्न किती होतं ते मी इथल्या कार्यालयाला कळवलं आहे आणि शुल्क भरायला तयार असल्याचंही. उत्तर अजून आलेलं नाही. अब्बांनी त्यांच्या सहीबद्दल कचेरीत अर्ज दिला आहे. ग्रेसला मी एका कॅफेत समोर बसवून सांगितलं. तिने दोघींच्या कॉफीचं बिल भरलं आणि न थांबता निघून गेली. अजून तिने फोन उचललेला नाही.

बाहेर गेलेल्या माझ्यासारख्यांना एक सांगते. आपण परक्या देशात न्याय मागतो आणि त्याची किंमत मागे राहिलेल्या एखाद्या माणसाच्या नावातून वळती करतो. ते माणूस बोलत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की फुकटच मिळालं.

पुढच्या महिन्यात मी येते आहे. पहिल्या सुट्टीत आले तेव्हा घर म्हणजे अम्मीच्या हातचं जेवण होतं, आणि अडकले होते तेव्हा घर म्हणजे जिथून निसटायचं ती जागा. आता अब्बांनी एक अट घातली आहे. बाजारच्या दिवशी सकाळपासून दुकानात बसायचं. वाडीच्या रस्त्याचं पत्रक त्यांनी लिहायला घेतलं आहे, ते मी वाटायचं. लोक आधी रस्त्याचं विचारणार नाहीत, दाखल्याचंच विचारतील. "इचारू दे," अब्बा म्हणाले. "तू हुबी ऱ्हा आन् उत्तर दे. मी झेरॉक्स काढत असन."